गाव दोन गटांत फुटलं असेल तर बोलणं परत कसं चालू करायचं (आमच्या चुका धरून)

आधीच सांगतो, माझं आडनाव सांगणार नाही. सांगितलं की निम्मे लोक इथंच थांबतील, आणि उरलेले निम्मे पुढचं न वाचताच 'बरोबर आहे भाऊ' म्हणतील. बीड जिल्ह्यातलं गाव आहे, अडीच हजाराच्या आसपास मतदान, मराठा आणि वंजारी घरं जवळपास सारखी, बाकी धनगर, माळी, बौद्ध, मातंग, मुसलमान आणि दोन घरं न्हाव्याची. मी पुण्यात नोकरीला, महिन्या-दीड महिन्याला गावाकडं चक्कर असते. बस, एवढी माहिती पुरे.

मराठा आरक्षणावरनं दोन्हीकडं आधीच तापलेलं होतं. त्यात ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, आमच्याकडं शरद पवारांच्या पक्षाचे बजरंग सोनवणे (मराठा) निवडून आले आणि भाजपच्या पंकजा मुंडे (वंजारी) ६,५५३ मतांनी पडल्या. एवढ्या मोठ्या मतदारसंघात साडेसहा हजार म्हणजे काहीच नाही, पण त्या निकालानंतर ह्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, त्यांच्या हॉटेलात चहा पिऊ नका असले मेसेज आणि व्हिडिओ जिल्ह्यात फिरायला लागले. माझ्या चुलत्यांनी तीस वर्षं ज्या दुकानातून किराणा घेतला तिथं जायचं बंद केलं, चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातनं साखर आणायला लागले, गुडघे दुखत असताना. विचारलं तर म्हणले, "आपल्याला काय घेणंदेणं नाही, पण लोक नावं ठेवतात."

तेव्हापासून आम्ही चार-पाच जणांनी जे उद्योग केले त्यातले निम्मे फसले. काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही ते सांगतो, गाव तुमचं दुसरं असेल, भांडण दुसरं असेल, तरी बऱ्यापैकी लागू पडेल.

सगळ्यात आधी, सद्भावना बैठक घेऊ नका. खरंच नका घेऊ. आम्ही घेतली. मारुतीच्या देवळापुढं मांडव, माईक, वीस खुर्च्या, दोन्हीकडचे पुढारी, प्रत्येकानं शिवाजी महाराज, भगवानबाबा, बाबासाहेब सगळ्यांची नावं घेतली आणि मग 'पण' म्हणून जी सुरुवात केली ती थांबेना. समोर आपली माणसं बसलेली असताना माईकवर कुणी मागं सरत नसतं हो, तिथं माणूस समोरच्याशी बोलतच नाही, आपल्या लोकांना ऐकवत असतो. वरनं एका पोरानं मोबाईलवर शूट करून मधली बारा सेकंदं कापून ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा डबल वातावरण तापलं. तेव्हा स्टेज नको, माईक नको, मोबाईल खिशात, आणि ज्याला पुढं तिकीट पाहिजे असा एकही माणूस नको.

दोघं-दोघं बोला. सकाळी डेअरीवर दूध घालायला लाईन लागते तिथं, नाहीतर बोअरची मोटर काढायला चार माणसं लागतात तिथं, नाहीतर कटिंगच्या दुकानात. हातात काम असलं की माणूस जरा सैल बोलतो, एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसावं लागत नाही. आणि विषय तुम्ही काढणार असाल तर पहिली शिवी आपल्याच बाजूला घाला. म्हणजे "आमच्या पोरांनी तो डीजे तुमच्या गल्लीत नेऊन अर्धा तास थांबवला, ते चुकलंच" इथनं सुरू करा. समोरचा लगेच विरघळतो असं नाही, पण त्याचं पाठ केलेलं भाषण तरी तोंडातच राहतं.

मध्ये कोण घालायचा हा पुढचा प्रश्न. आम्ही मास्तर घातला, सरपंच घातला, महाराज घातले, कुणाचं काही चाललं नाही. चाललं ते मुकादमाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडनं दरवर्षी दिवाळीच्या आगं-मागं ऊस तोडायला टोळ्या जातात, नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम कारखान्याकडनं उचल (म्हणजे आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यांना वाटतो आणि पाच-सहा महिने ती सगळी मंडळी उसाच्या फडावर कोपी (झोपडी) टाकून राहतात. आमच्या मुकादमाच्या टोळीत वंजारी कोयते आहेत, मराठा आहेत, बौद्ध आहेत. गावात हे एकमेकाचं तोंड बघत नव्हते आणि तिकडं कोल्हापूर साईडला एकाच ट्रॅक्टरवर उसाच्या मोळ्या चढवत होते! मुकादम साधं बोलला, "तिकडं एकाला साप चावला तर दवाखान्यात कोण नेतं रे? इथं आल्यावरच कशी तुम्हाला जात आठवते?" हे वाक्य मी बोललो असतो तर शहाणपणा शिकवतो म्हणून शिव्या खाल्ल्या असत्या. त्याला कुणी काही बोललं नाही, कारण दोन्हीकडच्यांची उचल त्याच्याकडं. (मुकादम काही संत नसतात, उचलीच्या नावाखाली कोयत्यांचं काय काय होतं तो वेगळा विषय आहे, त्यावर परत कधीतरी.) पण तुमच्या गावात असा माणूस शोधा, ज्याचा धंदाच दोन्ही बाजूंशिवाय चालत नाही. चांगला माणूस शोधत बसू नका, अडकलेला माणूस शोधा. वर पण तसंच असतं की, जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरी ३४ टक्क्यांनी वाढवायचा तोडगा निघाला तेव्हा मजुरांच्या बाजूनं पंकजा मुंडे आणि साखर संघाकडनं शरद पवार बोलायला बसले होते, आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत ह्याच दोन पक्षांचं जिल्ह्यात काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आता जरा अवघड भाग, म्हणजे मुद्द्यावर बोलायचं कसं. आरक्षण बरोबर का चूक ह्यावर गावात एकमत होणार नाही, सोडून द्या. सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चाललंय ते पारावर काय सुटतंय. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा आणि मग गप बसायचं: "नेमकं काय जाईल तुझं?" किंवा दुसऱ्या बाजूला, "नेमकं काय मिळेल तुला?" पहिली दहा मिनिटं भाषण येईल, येऊ द्या. त्यानंतर खरं निघतं.

पण हे विचारायच्या आधी आकडे पाठ करून जा, कारण दोन्हीकडं आकड्यांचा आनंदच आहे. महाराष्ट्रात शिक्षण आणि नोकरीत एससी १३ टक्के, एसटी ७, विमुक्त आणि भटके ११, ओबीसी १९, विशेष मागास २, झाले ५२. त्यावर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) १० आणि फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानं मराठा समाजाला दिलेले १०. त्या भटक्यांच्या ११ मध्ये वंजाऱ्यांचे २ टक्के वेगळे आहेत, एनटी-डी म्हणतात त्याला, धनगरांचे साडेतीन वेगळे. म्हणजे उद्या कुणा मराठ्याला जुन्या नोंदीवरनं कुणबी सर्टिफिकेट मिळालं तर तो ओबीसीच्या १९ मध्ये जातो, एनटी-डीच्या २ मध्ये नाही. हे आमच्या गावात शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नव्हतं, ग्रॅज्युएट पोरांनासुद्धा.

मग वंजारी समाजाची भीती खोटी का? तर नाही, आणि इथंच आम्ही सुरुवातीला गंडलो, आकडे तोंडावर फेकून 'बघ तुझं काही जात नाही' म्हणत सुटलो. एका आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणले, "नोकरी कुणाला पाहिजे, माझा नातू काय कलेक्टर होणारे का, मला सरपंचकीचं सांग." आणि बरोबर होतं त्यांचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी इथं नागरिकांचा मागास प्रवर्ग म्हणून जे २७ टक्क्यांपर्यंत असतं त्यात ओबीसी आणि भटके-विमुक्त सगळे एकत्रच. म्हणजे गावातल्या खुर्चीसाठी कुणबी सर्टिफिकेटवाला थेट समोर उभा राहू शकतो. भीती आहे ती गावातल्या सत्तेची, आणि ती खरी आहे. हे एकदा कबूल केलं तेव्हा आबा पहिल्यांदा खाली बसून बोलले.

दुसऱ्या बाजूचं पण तसंच ऐका. दोन एकर कोरडवाहू, तीन भावांत वाटणी, पोरगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो, दोन मार्कानं जातं. त्याला 'तुम्ही पाटील, तुम्हाला काय कमी' म्हणलं की त्याच्या डोक्यात तिडीक जाते, कारण पाटीलकी आडनावापुरती राहिली आणि कारखाने, संस्था, बँका चार घरांच्या हातात. आणि किती वेळा गाजर दाखवलं बघा, २०१४ चा अध्यादेश कोर्टात अडकला, २०१८ चा कायदा ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला, मग १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीचार्ज, मग परत कायदा, मग निजामाच्या काळातल्या नोंदी धरून कुणबी सर्टिफिकेट द्यायचा २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा जीआर. त्यात विदर्भातल्या पाहुण्याकडं कुणबी नोंद आहे, त्याच्या पोराला सवलत, इकडं मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं, नोंदी कुठं उर्दूत, कुठं मोडीत, एकाच्या आज्याची सापडली, शेजारच्याची नाही. एकाच पाळण्यात वाढलेली चुलत भावंडं वेगवेगळ्या प्रवर्गात. हे सगळं आमच्या आबांनी डेअरीवर उभं राहून ऐकलं. पटलं नाही म्हणले. पण "हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं" हे पण म्हणले.

ह्याच्या पुढं ढकलू नका त्या दिवशी. मला फार हौस होती लगेच 'म्हणजे आपलं दुखणं एकच आहे' असं म्हणायची, मुकादमानं पाय दाबला म्हणून वाचलो.

आता व्हॉट्सॲप. आमच्या गावाचे सात ग्रुप आहेत, त्यातले पाच जातवार. ते बंद होणार नाहीत, करायला जाऊ पण नका. गावाचा जो एक कॉमन ग्रुप असतो, पाणी कधी सुटणार आणि कोण वारलं ह्याचा, तो मात्र जपा. त्याला दोन्हीकडचा एक-एक ॲडमिन ठेवा, निकालाच्या दिवशी आणि दसऱ्याला फक्त ॲडमिन मेसेज टाकतील असं सेटिंग करा. दसऱ्याला का, तर २०२४ ला एकाच दिवशी सावरगावला भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडेंचा मेळावा आणि नारायणगडावर मराठा आंदोलनाच्या मनोज जरांगेंचा, आणि दोन्हीकडनं परत आलेल्या गाड्या एकाच फाट्यावर उतरतात. त्या संध्याकाळी ग्रुप उघडा ठेवणं म्हणजे गवताच्या गंजीजवळ फटाके. स्टेटसचं काय करायचं हे आम्हाला अजून जमलेलं नाही, पूर्वी भिंतीवर लिहायचे आता स्टेटसला लिहितात, आणि बघितलेल्यांची यादी पण दिसते, म्हणजे 'त्यानं बघितलं आणि काही बोलला नाही' ह्यावरनं वेगळं भांडण. एवढंच करतो की एखादं फारच घाण असलं तर त्या पोराच्या आईला फोन. ग्रुपवर उत्तर देण्यापेक्षा दहापट लवकर उतरतं.

आडनाव विचारायची सवय सोडा, निदान पोरांसमोर. आपल्याकडं नवीन माणूस भेटला की "पाव्हणं कुठलं" नंतर लगेच "आडनाव काय" असतंच. बीड पोलिसांनी २०२५ मध्ये टेबलावरच्या पाट्यांवरनं आणि छातीवरच्या नावातनं आडनावं काढून टाकली, नुसतं पहिलं नाव ठेवलं. तेव्हा मला हसायला आलं होतं, असल्यानं काय होणारे. आता वाटतं की ज्या जिल्ह्यात पोलिसालासुद्धा आडनाव लपवावं लागतं तिथं हसण्यासारखं काही नाही.

मग काम धरा. सगळ्यात जास्त उपयोग ह्याचा झाला. अट एकच, एका बाजूला एकट्यानं जमणार नाही असं काम पाहिजे. आमच्याकडं ते सोयाबीन होतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात व्यापारी चार हजाराच्या आगंमागं घेत होता, काही दिवस त्याच्या पण खाली. खरेदी केंद्रावर ऑनलाईन नोंदणी, ओलावा जास्त म्हणून माल परत, बारदाना नाही, सगळी कटकट. सोयाबीनला जात नसते, ओलावा सगळ्यांचाच जास्त निघतो. दोन्हीकडच्या तीस-पस्तीस शेतकऱ्यांची यादी एकत्र केली, सातबारे एकत्र, दोन ट्रॅक्टर एकत्र लावले, तहसीलला निवेदन द्यायला दोन्हीकडचे तीन-तीन गेले. भाव सगळ्यांना मिळाला का? नाही, अर्ध्यांचा माल शेवटी व्यापाऱ्याकडंच गेला. पण केंद्रावर दोन रात्री नंबर लावून ट्रॅक्टरखाली झोपलेली माणसं सकाळी एकमेकाला 'चहा घेतला का' विचारणारच ना.

शक्य असेल तर काम ग्रामसभेतनं करा. आपल्या आकाराच्या गावात कोरमला १०० मतदार पुरे होतात (नियम १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते), पण बहुतेक गावात तेवढे पण येत नाहीत आणि सह्या घरी जाऊन घेतात. एकदा खरोखर शंभर माणसं बसवून रस्ता, पाणी, स्मशानभूमी असला एखादा ठराव मंजूर करून बघा, हात वर करायला जातीचं काही लागत नाही.

पण एक धोका सांगतो. 'गावात एकी पाहिजे म्हणून निवडणूक बिनविरोध करू' असं कुणी म्हणलं की खिसा सांभाळा. बिनविरोध म्हणजे एकी असतेच असं नाही, कधी कधी चार जणांनी रात्री बसून वाटून घेतलेलं असतं. नाशिककडच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीत तर पदांचा लिलाव झाल्याचं बाहेर आलं आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. निवडणूक होऊ द्या, जोरात होऊ द्या, फक्त निकालाच्या रात्री गुलाल घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं नाही एवढं ठरवा.

आणि दुसरा धोका ह्याहून मोठा. दोन मोठे गट एक व्हायला लागले की तिसऱ्याला दाबून एक होतात. आमच्या त्या फसलेल्या बैठकीत बौद्ध वस्तीतलं एक पण माणूस बोलायला नव्हतं, आणि बहिष्काराचा सगळ्यात जास्त फटका कुणाला, तर न्हाव्याच्या दोन घरांना, ज्यांचं ह्या भांडणात काहीच नव्हतं. ह्याच्याकडं कटिंग केली की ते नाराज, त्याची केली की हे. मराठवाड्याला हे नवीन नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, ते पण नामांतर नाही नामविस्तार, 'मराठवाडा' शब्द ठेवून. तोडगा म्हणून बघितलं तर दोघांचं थोडं-थोडं राहिलं म्हणायचं. पण त्या सोळा वर्षांची किंमत दोघांनी सारखी दिली का, हे तोडग्याचं कौतुक करताना विचारत जा. म्हणून बसायला बोलवाल तेव्हा लहान घरं आधी बोलवा, आणि मारहाण, धमकी, बहिष्कार असलं काही असेल तर तिथं 'मिटवून घ्या' म्हणू नका, सरळ पोलीस स्टेशन.

बायकांचं सांगायचं राहिलंच, खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं. ह्या सगळ्या काळात गावात एक गोष्ट एक दिवस पण बंद पडली नाही, ती म्हणजे बचत गट. आमच्या आळीतल्या उमेदच्या (सरकारी अभियानातल्या) गटात दहा बायका, चार जातीच्या, आणि बँकेचं कर्ज गटाच्या नावावर. एकीनं हप्ता चुकवला तर दहाजणींचं पुढचं कर्ज अडकतं. त्यामुळं घरात नवरा काहीही बोलू दे, महिन्याच्या मीटिंगला सगळ्या एका सतरंजीवर. माझ्या चुलतीला विचारलं, "काकू, तिकडं आरक्षणाचा विषय निघत नाही का गं?" म्हणली, "निघतो की. भांडतो पण. पण हप्ता भरून झाल्यावर."

चुलते पण शेवटी त्या दुकानात गेले, दिवाळीच्या आधी. संबंध जोडायला नव्हे, उलट तोडायला, जुनी उधारी एक हजार तीनशे चाळीस रुपये होती ती चुकती करून मोकळं व्हायचं म्हणून. दुकानदारानं वही काढली, बघितली, आणि सुट्टे नाहीत म्हणला, राहू द्या चाळीस. चुलते घरी येऊन दोन दिवस चिडचिड करत होते की चाळीस रुपये मुद्दाम ठेवले त्यानं. ठेवलेच होते. तिसऱ्या दिवशी ते द्यायला गेले आणि येताना चहापत्ती घेऊन आले.

सप्ताह मात्र अजून दोन होतात. पूर्वी गावाचा एकच हरिनाम सप्ताह होता, २०२४ ला फुटला, दोन मांडव, दोन वर्गण्या, दोन महाराज. एक करायचा आम्ही प्रयत्न केला, जमलं नाही, सोडून दिलं. पण पंगतीची भांडी, ते मोठे डेग, कढया, बादल्या, हे देवळाचं एकच, आणि नवीन घ्यायचं तर दोन-अडीच लाखाचा खर्च, तो करायला दोन्हीकडं कुणी तयार नाही. त्यामुळं तारखा आपोआप मागं-पुढं झाल्या. ह्यांचा काला झाला की भांडी घासून मोजून त्यांच्याकडं द्यायची, त्यासाठी दोन माणसं ह्यांची, दोन त्यांची, वहीत सही. यंदा पहिल्या सप्त्याला शेवटच्या दिवशी वाढपी कमी पडले, पाऊस आला, गोंधळ उडाला, तर दुसऱ्या मांडवातली जी पोरं भांडी ताब्यात घ्यायला आली होती त्यांनीच बादल्या उचलल्या आणि वाढायला लागली. वरणात मीठ लई पडलं होतं. ते आचाऱ्यानं टाकलं का आमटीची बादली वरणात ओतली ह्यावरनं अजून वाद चालूय, आणि ह्या वादात दोन्हीकडं दोन्हीकडची माणसं आहेत.